डबा काढला आणि गाडीच मेली

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. मालवाहू गाड्यांचे जीपीएस ट्रॅकर बनवतो. मालक म्हणायचा, पण माझा निम्मा वेळ गाड्यांखाली आडवं पडण्यात जातो, आणि खरं तर तोच मला जास्त आवडतो.

एप्रिलमध्ये एक बागायतदार काका पिकअप घेऊन तणतणत आले. हौद्यात हापूसच्या पेट्या, रात्रीत वाशी गाठायची, आणि केबिनमध्ये जळकट वास. आमच्या ट्रॅकरची काळी तार पार वितळली होती.

"तुझा डबा काढ आधी! गाडी पेटवायला निघालास काय?"

मी लाल तार बघितली. तिच्यातला फ्यूज शाबूत. ट्रॅकरनं जादा करंट ओढला असता, तर आधी तो उडाला असता. मग काळी तार जळली कशी? हे काकांना समजावण्यात अर्थ नव्हता. डबा काढून दिला.

ड्रायव्हरनं हेडलाइट लावले, तर ते रॉकेलच्या चिमणीसारखे पिवळे. सेल्फ मारला, नुसतं टक्. काका माझ्याकडे बघतात, मी गाडीकडे.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जाणारी अर्थची केबल वायरमननं आदल्या दिवशीच तपासली होती म्हणे. मीटर वाजला, म्हणजे ठीक. पण बीप देताना मीटर नावापुरताच करंट सोडतो. केबलचा एखादा धागा शिल्लक असला तरी तो वाजतो. म्हणून हेडलाइट चालू ठेवून मीटर व्होल्टवर घेतला, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी चेसिसला. तिथे 0.2 व्होल्टच्या आत काहीतरी दिसायला हवं. दिसले साडेतीन.

केबलचं वरचं आवरण सोललं. आत तांबं नव्हतंच जवळजवळ. हिरवी भुकटी, बोटांना लागणारी. पावसाळा संपल्यापासून आंबा सुरू होईपर्यंत हीच गाडी मिरकरवाडा बंदरातून मासळी वाहते. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून नेमकं त्या बोल्टवर गळत होतं.

ट्रॅकरचा डबा धातूचा, बॉडीला बोल्टनं कसलेला, आणि त्याची काळी तार थेट बॅटरीला. गाडीतला करंट चेसिसमधून अर्थच्या केबलनंच बॅटरीत परततो. ती मोठी वाट बुजल्यावर परतीचा करंट डब्यातून त्या बारक्या तारेत शिरला. 55 वॉटचे दोन हेडलाइटच नऊ-एक अँपिअर घेतात. तार होती आमच्या मिलिअँपिअरच्या हिशोबाची. आणि फ्यूज लालमध्ये, काळीला कसला फ्यूज! आमची तार बिचारी जळता जळता गाडी चालवत होती.

चेसिस पॉलिश पेपरनं चकचकीत घासली, जाड वेल्डिंग केबलला नवे लग दाबले, बोल्ट कसून वर ग्रीस थापलं. मीटरवर 0.06. सेल्फ अर्ध्या हाकेला.

"मग आता डबा परत लाव की," काका म्हणाले. "गाडी कशेडी घाटात पोचली का ते मला घरी बसून कळायला नको?"

नवी काळी तार टाकून डबा लावला. केबलचे पैसे काकांनी लगेच मोजले. डबा बसवण्याची मजुरी मात्र कापली.

"तूच काढलास ना!"