कुझँच्या दयाळाला भेटायचं असेल तर

पहाटे तारेवर बसून शीळ घालणारा आपला दयाळ ओळखता ना? त्याचा एक चुलतभाऊ जगात फक्त हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहे. पोटासकट सगळा काळा, त्यावर निळसर झाक आणि पंखावर तेवढा पांढरा पट्टा. तिथल्या क्रिओल भाषेत त्याला ‘पी सान्तेझ’ म्हणतात. १९६०च्या दशकात तो एकट्या फ्रेगाट बेटावर उरला होता, तोही जेमतेम डझन-दीड डझन. खातो जमिनीवर, माणसाला भीत नाही आणि मादी एका वेळी अंडं घालते एकच. बाहेरून आलेल्या मांजरांना आणखी काय हवं? १९९० नंतर नेटाने काम झालं, काही पक्षी दुसऱ्या बेटांवर नेऊन सोडले. कुझँ हे त्यातलंच एक, जेमतेम २७ हेक्टरचं. नकाशावर Cousin हे नाव ‘कझिन’ असं वाचून गोंधळू नका, ते हेच.

सेशेल्सच्या मुख्य माहे बेटावरून फेरीबोटीने प्रास्लिन बेटावर या आणि मुक्काम तिथेच करा. कुझँची सहल अर्ध्या दिवसाची, सोमवार ते शुक्रवार सकाळीच असते, म्हणून शनिवार-रविवार हाताशी ठेवून बेत आखू नका. मे ते सप्टेंबर वारा जोरात असतो. बोट लागत असेल तर गोळी आधीच घ्या. उंदीर चुकूनही बेटावर पोचू नये म्हणून बाहेरची बोट किनाऱ्याला लागू देत नाहीत. भर समुद्रात कुझँवरच्या लोकांच्या होडीत उतरायचं, आणि ती होडी भरधाव थेट वाळूत घुसते. घट्ट धरून बसा, कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा.

मी हाफ पँटवर गेलो आणि डासांनी फोडून काढलं. पूर्ण बाह्या, पायमोजे, डासांचं मलम: यात कंजूषपणा नको.

वाटाड्याने पायाने पाचोळा उकरला आणि दुसऱ्या मिनिटाला दयाळ हजर. शेपूट वर, मान तिरकी, पायात ओळखीसाठी घातलेली रंगीत कडी. माझ्या बुटाशेजारचा किडा उचलून त्याने तिथेच गिळला. एवढी मोठी लेन्स खांदा मोडेस्तोवर वाहिली, आणि पक्षी इतका जवळ की ती फोकसच होईना! शेवटी मोबाइलवर काढला. लेन्स न्यायचीच तर लहान न्या. उघड्या फांदीवर घरट्याविना अंडं घालणारा पांढरा सुरयही तिच्यात छान येतो.