आमची वाटचाल : बोल्टचे आटे

आम्ही दोघांनी कॉम्प्युटरवर यंत्रांच्या डिझाइनची कामं घ्यायला सुरुवात केली तेव्हा कामं छोटी होती. फिक्श्चर, ब्रॅकेट, पत्र्याची कव्हरं. मग एका ग्राहकानं अख्ख्या पॅकिंग मशीनचं डिझाइन सोपवलं. पार्टांची संख्या हजारांच्या घरात गेली आणि असेंब्ली (सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल) उघडायला लावली की माणूस उठून एक फेरी मारून यायचा. एक माप बदललं की स्क्रीन गोठायचा. त्या काळात आम्ही बदल करायलाच घाबरायचो. डिझायनरसाठी याहून वाईट काय?

मग सगळे करतात तेच आम्ही केलं, नवा कॉम्प्युटर घेतला, भरपूर कोअरचा. फरक जवळजवळ शून्य! पॅरामेट्रिक, म्हणजे मापांवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये प्रत्येक फीचर (भोक, खाच अशी एकेक पायरी) आधीच्या फीचरवर उभं असतं; खालच्या स्केचचं गणित सुटल्याशिवाय वरचं भोक पाडता येत नाही. त्यामुळे रीबिल्डचं, म्हणजे बदलानंतर मॉडेल पुन्हा उभं करण्याचं गणित बहुतांशी एकामागून एक चालतं. एक कोअर राबतो, बाकीचे बघत बसतात. कोअर किती यापेक्षा एका कोअरचा वेग किती हे बघायला हवं होतं, पण ते पैसे गेल्यावर कळलं. (रॅम वाढवली तिचा मात्र उपयोग झाला.)

खरं दुखणं सापडलं ते आमच्याकडे नव्यानं आलेल्या मुलीमुळे. तिनं सॉलिडवर्क्स या आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन एकेका पार्टवर चालवलं. कुठलं फीचर रीबिल्डला किती वेळ खातं, ते त्यात दिसतं. यादीत सगळ्यात वर होता एक बोल्ट. तो मीच काढलेला, हौसेनं, हेलिक्सवर स्वीप कट मारून, म्हणजे मळसूत्री रेषेवरून खाच फिरवून, आटे अगदी खऱ्यासारखे. एकटा पाहिला तर देखणा. पण असेंब्लीत तो शेकडो ठिकाणी बसलेला आणि कॉम्प्युटर स्क्रीनवर आकार त्रिकोणांनी रंगवतो, म्हणजे प्रत्येक ठिकाणी त्या आट्यांचे बारीक त्रिकोण रंगवायचे. "सर, टर्नरला ड्रॉइंगवर एम १० लिहिलेलं पुरतं," ती म्हणाली. (एम १० म्हणजे १० मिमी व्यासाचा आटा.) उत्तर नव्हतं माझ्याकडे. आटे गेले, कॉस्मेटिक थ्रेड, म्हणजे आट्यांची नुसती खूण, आले.

त्यानंतर मोटरी. पुरवठादाराच्या स्टेप फाइलमध्ये (मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) आतली बेअरिंगं आणि नेमप्लेटवरची कोरीव अक्षरंसुद्धा होती. आम्हाला हवं होतं बाहेरचं कवच, शाफ्ट आणि बसवायची भोकं. तेवढंच ठेवलं. दिसण्यापुरते फिलेट (गोल केलेल्या कडा) फीचरच्या झाडाच्या, म्हणजे यादीच्या शेवटी नेले, म्हणजे काम चालू असताना सप्रेस, तात्पुरते बंद, करता येतात. फाइली नेटवर्कवरून थेट उघडणं बंद केलं.

सगळ्यात जास्त घाम काढला तो पार्टांच्या एकमेकांवरच्या संदर्भांनी. आम्ही असेंब्लीत बसूनच पार्ट काढायचो: या प्लेटची कड त्या प्लेटवरून, त्या प्लेटचं भोक तिसऱ्या पार्टवरून. काढताना फार सोयीचं वाटतं. मग कधीतरी तिसरा पार्ट फिरून पहिल्यावरच टेकतो आणि रीबिल्ड स्वतःच्या शेपटीमागे धावायला लागतं. आता मुख्य मापं एकाच सांगाडा स्केचमध्ये असतात. बाकी पार्ट फक्त त्याच्याकडे बघतात, एकमेकांकडे नाही. मेटसुद्धा (पार्ट एकमेकांना बसवायच्या अटी) वरच्या पातळीवर कमीत कमी. खालचे गट सबअसेंब्लीत, म्हणजे आतल्या छोट्या असेंब्लीत बांधायचे आणि खरोखर हलणारा गट असेल तरच फ्लेक्सिबल (आतले भाग हलू देणारा) करायचा, कारण तसं केलं की त्याचे मेट पुन्हा वरच्या असेंब्लीतच सोडवावे लागतात. यावरून माझं आणि भागीदाराचं बरंच वाजलं. शिस्तीनं हात बांधले जातात, असं त्याचं म्हणणं. पहिल्या आठवड्यात ते खरंही होतं.

नवी कामं याच पद्धतीनं होतात आणि माप बदलताना कुणी दचकत नाही. जुन्या पॅकिंग मशीनमधले बोल्ट आणि मोटरी बदलून घेतल्या, पण तिथले संदर्भ तसेच आहेत. सोडवायला घेतले की दोन सुटतात, तीन तुटतात. त्यात बदल आला की तेवढी सबअसेंब्ली वेगळी उघडतो, बाकीचं झाकून ठेवतो.

आट्यांचा तो बोल्ट मी पुसलेला नाही. माहितीपत्रकासाठी चित्र काढायचं असलं की तेवढ्यापुरता बाहेर येतो.