टोलार खिंडीनंतर ‘सगळं सपाट’ नाही: हरिश्चंद्रगड एका दिवसात, घरच्यांसह आणि कॅमेऱ्यासह

‘खिंड चढलात की झालं, पुढं सगळं सपाट आहे.’ निघायच्या आधी ज्याला ज्याला विचारलं त्यानं हेच सांगितलं. सांगणारे एक तर दुसऱ्या, सोप्या वाटेनं, पाचनई गावाकडून गेलेले असणार, नाहीतर रात्री गडावर झोपून दुसऱ्या दिवशी आरामात उतरलेले. पायथ्याच्या खिरेश्वर गावातून टोलार खिंडीनं चढून त्याच दिवशी खिरेश्वरला उतरलेला माणूस ‘सपाट’ हा शब्द वापरणार नाही. पोटऱ्या अजून भरलेल्या आहेत, तेव्हा थोडं चिडूनच लिहितोय. समजून घ्या.

आम्ही सहा जण. मी, दादा, वहिनी, कॉलेजात जाणारी पुतणी, बाबा आणि माझा एक मित्र. मित्राच्या पाठीवर कॅमेऱ्याची सॅक, ट्रायपॉड आणि लेन्सा. बाबांना डोंगराची सवय आहे, बाकीच्यांनाही आहे. त्यामुळे ‘बूट चांगले घाला, पाणी भरपूर घ्या’ वगैरे इथं लिहीत बसत नाही. ज्याला तेही सांगावं लागतं त्यानं या वाटेला जाऊच नये.

ऑक्टोबरचा मधला आठवडा. सोनकीची पिवळी फुलं सरत आलेली, गवत कमरेएवढं, ऊन सकाळी आठलाच चटका देणारं. पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेचा भाग आणि खिंडीपर्यंतची जंगलातली वाट झकास आहे, सावली आहे, मळलेली आहे. खिंडीत वाघाचं दगडी शिल्प आहे, तिथं दम खाऊन फोटो काढून होतात. खिंडीच्या पलीकडं उतरलं की कोथळे. आपण डावीकडं, कातळावर.

सगळे ज्या रॉक पॅचची भीती घालतात तो हाच. रेलिंग आहेत, पावठ्या आहेत. कोरड्या दिवसांत घाबरायचं कारण नाही. एकच त्रास, रविवारी रांग लागते. पुढच्या टोळीतला एक जण स्पीकर वाजवत, एका हातात मोबाईल धरून चढत होता आणि त्याच्यामागं आम्ही कातळाला चिकटून उभे. पावसात मात्र हाच टप्पा ओला आणि शेवाळलेला असतो. तेव्हा मुलांना घेऊन इथं येणं म्हणजे निव्वळ हौस.

कातळ संपतो आणि खरी भानगड सुरू होते. इथून बालेकिल्ल्याला वळसा घालून देवळाकडं जाणारी वाट ‘सात टेकड्यांची’ म्हणून ओळखली जाते. सपाटी म्हणतात ती हीच! एक टेकडी चढायची, माथ्यावर पोचलं की वाट समोरच्या ओढ्यात उतरलेली दिसते आणि पलीकडं पुन्हा तेवढीच वर गेलेली. चढ एकही मोठा नाही, पण लय लागूच देत नाही. पाय चढायला सरावले की उतार येतो, उताराला सरावले की चढ. मधेमधे झाडीचे पट्टे आहेत, पण अकरा वाजता उघड्या गवतातून चालताना त्या सावलीचा काही उपयोग नाही. वहिनी टेकड्या मोजत होती. चौथीनंतर एका उंचवट्याला टेकडी म्हणायचं की नाही यावरून तिचं आणि पुतणीचं वाजलं, आणि मोजणी तिथंच बंद पडली. मित्रानं ट्रायपॉड काठीसारखा टेकायला सुरुवात केली. दिवसभरात त्याचा तेवढाच उपयोग झाला.

वाटेत एक मावशी लिंबू सरबत घेऊन बसल्या होत्या.

‘मावशी, देऊळ किती लांब?’

‘आलंच की. त्या टेकाडाच्या पल्याड.’

पल्याड अजून एक टेकाड होतं. मावशींचा राग नाही, त्या हे अंतर रोज डोक्यावर हंडा घेऊन कापतात. शहरातून येऊन, घरी जाऊन इतरांना सपाट म्हणून सांगणाऱ्यांचा आहे.

धुकं असेल तर हाच पट्टा धोक्याचा होतो. गवत उंच, ढोरवाटा अनेक, आणि वळण चुकलं की माणूस बालेकिल्ल्याच्या झाडीत फिरत राहतो. दगडांवर रंगवलेले बाण शोधत चाला. दोन-तीन मिनिटं बाण दिसला नाही तर मागं फिरा, पुढं रेटू नका. मोबाईलला रेंज असेलच असं नाही, नकाशा आधी उतरवून ठेवा.

साडेसहाला खिरेश्वर सोडलं होतं, देवळाशी पोचायला बारा वाजले. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी नाही लिहीत. केदारेश्वराच्या गुहेबद्दल एवढंच: पिंडीभोवती कमरेएवढं पाणी, आणि ते असं गार की पुतणी प्रदक्षिणेला उतरली आणि अर्ध्यातून ओरडत बाहेर आली. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार, त्यामुळं कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही. उन्हाचा नाद सोडा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० च्या आसपास न्या, काठावरच्या दगडाला कोपर टेका आणि पिंडीवर एक्स्पोजर घ्या. फ्लॅश मारला की पाणी पांढरं आणि खांब चपटे दिसतात.

आता कोकणकडा. हा भाग फोटोवाल्यांनी नीट वाचावा, कारण आमच्या मित्राची इथंच सगळ्यांत मोठी फसगत झाली. कड्याचं तोंड पश्चिमेला. म्हणजे सकाळी कड्याचा कातळ सावलीत असतो आणि त्याच्यावर चांगलं ऊन येतं ते दुपार कलल्यावर. चार-साडेचारनंतर त्या आत वळलेल्या भिंतीच्या घड्या उजळतात, सूर्यास्त समोर कोकणावर होतो. जालावर फिरणारे ते सोनेरी फोटो या वेळचे आहेत. खिरेश्वरहून दिवसाभरात जाऊन येणाऱ्यानं मात्र दोनला कड्याकडं पाठ फिरवली तरच खिंड उजेडात गाठता येते. आम्ही एकला पोचलो. ऊन डोक्यावर, खाली दरीत पांढुरकी धूसर आणि कातळ राखाडी. पोलरायझरनं, म्हणजे चमक कापणाऱ्या फिल्टरनं, आकाश जरा निळं झालं, धूसर तशीच. मित्र तासभर काही बोलला नाही.

इंद्रवज्राचंही तेच. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं ते पाहिल्याची १८३५ सालात छापलेली नोंद आहे, आणि तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं आपल्याला दिसणारच. ते गोल इंद्रधनुष्य दिसायला सूर्य पाठीशी हवा, समोर खाली दरीत ढग हवा, आणि आपली सावली त्या ढगावर पडायला हवी. पश्चिमेकडं बघणाऱ्या कड्यावर सूर्य पाठीशी असतो सकाळी. भर दुपारी येणाऱ्यांना ‘हमखास दिसतं’ म्हणून सांगणारे थापा मारतात.

कड्याच्या काठाशी उभं राहू नका. पोटावर झोपून डोकं पुढं काढा, कुणीतरी पाय धरा. दरीतून वर येणारा वारा इतका जोराचा असतो की बाबांची टोपी उडून आमच्याच मागं जाऊन पडली. लेन्सचं झाकण, फिल्टरची डबी, ओढणी, सगळं आत ठेवा. लेन्स जितकी रुंद तितकी बरी, कडा चौकटीत मावत नाही. ती नसेल तर मोबाईलचा पॅनोरामा उभा धरून घ्या, आमच्याकडचा सगळ्यांत बरा फोटो पुतणीनं तसाच काढलाय.

तर माझं मत स्पष्ट आहे. घरच्यांना घेऊन एका दिवसात जायचं असेल तर पाचनई, दुसरं नाव काढू नका. कपारीखालून जाणारी वाट, ओढ्याची सोबत, रमतगमत दोन-अडीच तासांत देऊळ. गाडीचा प्रवास लांबतो, लांबू दे. कड्यावर साडेचारपर्यंत थांबता येतं, हेच मोठं. उतरताना शेवटी बॅटरी लागेल. इंद्रवज्राच्या फोटोसाठीच जायचं तर आदल्या रात्री पाचनईत मुक्काम करून अंधारात चढा. खिरेश्वर फक्त तंगडतोड करायला निघालेल्या चार मित्रांनी करावा. कोकणातून सरळ वर येणाऱ्या अवघड नळीच्या वाटेबद्दल घरच्यांसमोर बोलूसुद्धा नये.

राहिली जीप. खिरेश्वरपर्यंतचा रस्ता वाईट आहे असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं म्हणून आम्ही गाडी खुबी फाट्यावर ठेवली. रस्त्यानं गाडी आरामात जाते. सातला अंधारात उतरलो तेव्हा बाबांचे गुडघे बोलत होते, आणि त्या पाच किलोमीटरला जीपवाल्यानं माणशी दोनशे सांगितले. बाराशे रुपये! घासाघीस करायला कुणात त्राण नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं. गाडी गावातच लावा. फाट्यावर ठेवायचीच झाली तर सकाळी जाताना परतीचा दर ठरवून टाका, आणि पैसे परत आल्यावरच द्या.