अलास्काच्या खाडीत नांगर टाकताना साखळी किती सोडायची?

गोदेला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी कमरेला लागलं की गळ्याला, यावरून अंदाज बांधतात. आग्नेय अलास्काच्या खाड्यांत पाणी असं रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ६ मीटरच्या आसपास जातो. गंगापूर धरणाच्या पाण्यावर होडीची सवय झालेल्यांचा अंदाज नेमका इथे चुकतो, कारण धरणाचं पाणी उतरायला महिने लागतात आणि तिथे सहा तास पुरतात. म्हणून इथून तिकडे जाऊन बोट भाड्याने घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी साखळीचा हिशोब पक्का करावा.

समजा, नकाशावर खोली ८ मीटर आहे. अमेरिकी नकाशांत ही खोली रोजच्या दोन ओहोट्यांपैकी खालच्या ओहोटीच्या सरासरी पातळीची असते, म्हणजे त्या वेळची भरती त्यात मिळवायची. तुम्ही पोहोचता तेव्हा भरतीची उंची दीड मीटर असेल, तर खोलीमापक साडेनऊ दाखवेल. नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची दीड मीटर धरून बेरीज ११, आणि चौपट म्हणजे ४४ मीटर साखळी. हिशोब बरोबर वाटतो, पण तो फक्त त्या घडीपुरता. रात्री भरती साडेपाच मीटरला गेली की बेरीज १५ होते आणि तुमची साखळी तिपटीलाही पुरत नाही. ती वर ताणली जाते, नांगराचा दांडा उचलला जातो आणि फाळ चिखलातून सुटतो. म्हणून हिशोब नेहमी येणाऱ्या सर्वांत मोठ्या भरतीवर करायचा: १५ गुणिले ४, म्हणजे ६० मीटर. वाऱ्याचा अंदाज वाईट असेल तर ७५. साखळीऐवजी बराचसा दोर असेल तर सातपट.

आता उलट बाजू. ६० मीटर साखळी आणि १२ मीटरची बोट म्हणजे सुमारे ७२ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, आणि वारा फिरला की बोट त्यात कुठेही जाऊ शकते. ते वर्तुळ ओहोटीला तपासायचं: त्यात सगळीकडे पुरेसं पाणी उरतं का. लांबी भरतीवरून आणि जागा ओहोटीवरून, हे दोन्ही एकत्र केलं नाही तर एक चूक टाळून दुसऱ्या चुकीत सापडाल.

खाडीच्या टोकाला ओढा मिळतो तिथे फार जवळ जाऊ नका. ओढ्याने आणलेल्या गाळाचा कट्टा अचानक उभा उठतो. २० मीटर खोली बघता बघता दोनवर येते. शिवाय सॅमन माशांच्या हंगामात तपकिरी अस्वलं याच ओढ्यांवर उतरतात. अस्वलं बघायची तर दुर्बिणीतून, बोटीवरून. मासे किनाऱ्याजवळ साफ करू नका. हवेची डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, किनाऱ्यावर सोडून जाऊ नका. अस्वलं ती चावून फाडतात.

तळ चिकट चिखलाचा असेल तर उत्तम. हिमनदीचा बारीक गाळ मात्र मऊ आणि फसवा. केल्पचे, म्हणजे लांब समुद्री शेवाळाचे, पट्टे तर टाळाच: नांगर मुळांत अडकून घट्ट बसल्यासारखा वाटतो, आणि जोर आला की झुडपासकट उपटून येतो.

टाकताना बोट वाऱ्यासमोर थांबवा. नांगर तळाला लागेपर्यंत खाली सोडा, एकदम ओतू नका, साखळीचा ढीग नांगरावरच पडतो. बोट मागे सरकू द्या, तिपटीएवढी साखळी झाली की थोडं थांबा, मग उरलेली सोडा. मऊ गाळात पाच-दहा मिनिटं नांगराला बुडायला द्या. त्यानंतर इंजिन मागे लावून जोर हळूहळू वाढवा, अर्धा मिनिट धरा. हात साखळीवर ठेवा. थरथर किंवा खडखड जाणवली तर नांगर घसरतोय. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून त्या हलतात का तेही बघा. शेवटी ८-१० मीटरचा नायलॉनचा दोर साखळीला हुकाने अडकवून ताण त्यावर घ्या. साखळीचे धक्के तो झेलतो, आणि साखळी ओढायच्या चाकावर भार येत नाही.

डोंगरावरून अचानक कोसळणारे वारे शांत खाडीतही येतात, म्हणून उभ्या कड्याखालची जागा नकाशावर कितीही बंदिस्त दिसली तरी मी निवडणार नाही. जागा अरुंद असेल तर पिछाडीचा दोर किनाऱ्यावरच्या झाडाभोवती फिरवून पुन्हा बोटीवर आणा, म्हणजे सोडायला किनाऱ्यावर जावं लागत नाही. तो ताठ बांधू नका. ओहोटीला बोट खाली जाते आणि झाडापर्यंतचं अंतर वाढतं. वारा आडवा येऊ लागला तर लगेच सोडा.

नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांपुढे कसं वागायचं हे नाशिककरांना शिकवायला नको, तीच शिस्त इथे. हंपबॅक व्हेलपासून अलास्कात १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, दूर राहणं कायद्याने बंधनकारक आहे. खडकावर पहुडलेल्या सीलनी एकदम माना वर केल्या तर तुम्ही जास्तच जवळ आला आहात. हळूच मागे फिरा. रात्री नांगराचा पांढरा दिवा हवाच. डेकवरचे झगमगते दिवे बंद ठेवा, जनरेटरही.

सकाळी नांगर उचलताना साखळी ओढायच्या चाकाने बोट खेचू नका. इंजिनाने पुढे सरकत साखळी आत घ्या. ती सरळ खाली लोंबू लागली की घट्ट करून काही मिनिटं थांबा, मग इंजिन जरा पुढे देऊन फाळ सोडवा. चिखल तिथेच समुद्राच्या पाण्याने धुवा. पेटीत वाळला तर पुढच्या वेळी साखळी अडकते.