सोडण, करवंटी आणि पंचकोश

श्रावण. पहाटेपासून पावसाला उघडीप.

पंचकोश, म्हणजे माणसाचे एकात एक असे पाच थर (अन्नाचं शरीर, प्राण, मन, विज्ञान म्हणजे बुद्धी, आणि आनंद), समजावताना कोकणात हटकून नारळ पुढे येतो. सोडण म्हणजे अन्नमय, करवंटी प्राणमय, आतली तपकिरी साल मनोमय, खोबरं विज्ञानमय आणि पाणी आनंदमय. पाचाला पाच जुळतात म्हणून सगळे खूश. पण नारळ पहारीवर सोलला की सोडण एकीकडे पडतं, करवंटी एकीकडे, आणि दोघांचंही एकमेकांवाचून काही अडत नाही. शरीर आणि प्राण तसे वेगळे केले तर हाती प्रेत उरतं.

तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत या पाचांना ‘कोश’ म्हटलेलंच नाही. तो शब्द पुढच्या वेदान्ताने रूढ केला. तिथे प्रत्येकाला ‘आत्मा’ म्हटलंय. अन्नरसमयाहून वेगळा, त्याच्या आतला आत्मा प्राणमय; आणि लगेच पुढे ‘तेनैष पूर्णः’, त्याने हा भरलेला आहे. भरतीचं पाणी खाडीत शिरतं ते मधोमध वेगळं साठून राहत नाही. फाट्याफाट्यांतून कांदळवनाच्या मुळांपर्यंत जातं आणि खाडीचाच आकार घेतं. प्राणमयाचा आकार अन्नमयाच्या आकारामागोमाग येतो, असंच उपनिषदही सांगतं. नारळापेक्षा खाडी बरी.

वर्णन मात्र पक्ष्याचं आहे: डोकं, दोन पंख, धड, शेपूट. प्राणमयाचं डोकं प्राण, उजवा पंख व्यान, डावा अपान, धड आकाश आणि शेपूट पृथ्वी. पाच प्राणांपैकी उरलेले दोन, समान आणि उदान, इथे नावाने येत नाहीत. शंकराचार्य आकाशाचा अर्थ समान असा लावतात. पृथ्वी कशाला, याचंही उत्तर भाष्यात आहे: तिचा आधार नसता तर उदानाच्या ओढीने शरीर वर तरी गेलं असतं, नाहीतर जडपणाने कोसळलं असतं. जेटीवर मासळी उतरताना वर तांबूस घार तरंगत असते, तिच्याकडे नीट पाहावं. पंख जवळजवळ स्थिर असतात. शेपूट तेवढी जरा डावीकडे कलते, सरळ होते, पुन्हा कलते. प्राणायामात ही शेपूट म्हणजे बैठक. दोन्ही बैठकीची हाडं सारखी टेकलेली नसतील तर वर नाक कितीही शास्त्रशुद्ध धरा, दहा मिनिटांत कंबर वाकते, छाती मिटते आणि श्वास गळ्याशी अडकतो. मांडी घालून गुडघे वर राहत असतील तर घोंगडीची चौपदरी घडी बुडाखाली घ्यावी. यात कमीपणा काही नाही.

पाच प्राणांची नावं इथे घरोघरी तोंडात आहेत, फक्त ती योगाची म्हणून कुणी ऐकत नाही. गणपतीला नैवेद्य दाखवताना म्हणतात तेच: प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय, उदानाय, समानाय. जेवणाआधी आपोष्णी घेऊन भाताच्या घासांच्या आहुत्या देतात त्याही याच. छांदोग्य उपनिषदात क्रम थोडा वेगळा आहे. तिथे प्राणानंतर व्यान येतो. स्थानं अशी: हृदयात प्राण, गुदाशी अपान, नाभीशी समान, कंठात उदान आणि व्यान सर्वांगात. समान अन्न पचवण्याच्या कामात असतो. म्हणून भरल्या पोटी प्राणायाम नको, पोटभर जेवणानंतर ३ ते ४ तास जाऊ द्यावेत.

आता नाडीशोधन, म्हणजे आलटून पालटून एकेका नाकपुडीने घ्यायचा श्वास. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मिटायचं. अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका आणि करंगळी डावीवर. डावीने ४ अंक श्वास आत, उजवीने ८ अंक बाहेर. मग उजवीने ४ आत, डावीने ८ बाहेर. हे एक आवर्तन. अशी ६ पुरेत. पहिले काही आठवडे कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, अजिबात नाही. श्वास घेणं, रोखणं, सोडणं यांचं १:४:२ हे प्रमाण ग्रंथांत आहे म्हणून पहिल्याच आठवड्यात १६-६४-३२ करायला जाणारे असतात. रक्तदाब असलेल्यांनी तर श्वास रोखूच नये. नाकपुडी दाबायची नसते, हाडाखालच्या मऊ भागावर बोट नुसतं टेकवायचं. ८ अंक पुरे होण्याआधी हवा संपते, कारण सुरुवातीलाच ती भसकन सोडलेली असते. मग पुढचा श्वास धापेसारखा येतो. अशा वेळी मोजणी ३ आणि ६ वर आणावी.

भस्त्रिकेची, म्हणजे भात्यासारख्या जलद श्वासोच्छ्वासाची, गोष्ट निराळी. जोरजोरात केली की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि ‘प्राण जागा झाला’ असं कुणीतरी सांगून टाकतं. खरं कारण साधं आहे. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. थांबून शांत बसलं की काही मिनिटांत जातं. हठयोगाचा ग्रंथ हठप्रदीपिका, सिंह, हत्ती, वाघ हळूहळू वश होतात तसाच प्राणही, असं म्हणते आणि पुढच्याच श्लोकात अयोग्य अभ्यासाने सगळे रोग उद्भवतात असंही बजावते. दुसरा अर्धा सहसा कुणी वाचून दाखवत नाही.

आसन म्हणजे अन्नमय, प्राणायाम म्हणजे प्राणमय, ध्यान म्हणजे मनोमय, हा तक्ता वर्गाच्या भिंतीवर छान दिसतो. पण श्वास लांबला की खांदे उतरतात आणि मनातली बडबडही मंदावते, ती काही तक्त्यातली रांग बदलल्यामुळे नाही. ‘चले वाते चलं चित्तम्’, श्वास हलला की चित्तही हलतं. तेनैष पूर्णः.

पावसाळ्यात नाक चोंदलेलं असलं तर आधी जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. अर्धा लिटर उकळून कोमट केलेलं पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचा, किंचित कमीच. समुद्र दारात आहे म्हणून त्याचंच पाणी लोट्यात भरू नये. त्यात मीठ साधारण साडेतीन टक्के, म्हणजे हव्या त्याच्या जवळजवळ चौपट. नाक जळतं आणि सुजतं. नेतीनंतर पुढे वाकून, मान दोन्ही बाजूंना वळवत, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच श्वास झटकायचा. पाणी आत राहिलं तर दुपारपर्यंत डोकं जड राहतं, आणि त्या दिवशी मग आवर्तनं ३ च करावीत.