मालक बदलता येतो का?

गावात सध्या इटलीची हवा आहे. मध्यंतरी दुबईची होती, मग इस्रायलची आली. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावात बारावी झालेली आणि घरच्या दोन एकरांत मन न रमणारी पोरं बरीच. त्यांच्या मोबाइलवर एकच जाहिरात फिरतेय: इटलीत शेतीकाम, राहणं-खाणं फुकट, नऊ लाखांत सगळं. नऊ लाख कसले रे, म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं. "काका, व्हिसा, तिकीट, तिकडच्या मालकाची परवानगी, सगळं आलं त्यात."

माझी सात एकर द्राक्षबाग. त्यातला बराचसा माल युरोपला जातो, म्हणून मला तिकडचं सगळं ठाऊक असणार असा पोरांचा समज आहे. तसं काही नाही. पण मजुरांचा घोर मला दरवर्षी सप्टेंबरपासूनच लागतो, आणि त्यापायी इतर देशांतले बागायतदार माणसं कुठून आणि कशी आणतात हे वाचत बसायची खोड लागलीय.

इटलीने २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी बाहेरच्या कामगारांचा कोटा ठरवला होता, ४,५२,००० जणांचा. भारतासाठी त्यात राखीव वाटाही होता. म्हणजे जाहिरात अगदीच हवेतली नाही, दार खरंच उघडं आहे. गोम आत शिरल्यावर आहे. अर्ज मजूर करत नाही, तिकडचा मालक करतो. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेला संगणकावर अर्ज भरायचे, ज्याचं बटण आधी दाबलं गेलं त्याचा नंबर आधी. मग व्हिसा मिळतो, माणूस जातो. तिथे पोचल्यावर त्या मालकाने करारावर सही केली तरच राहण्याचा परवाना. मालकाने सहीच केली नाही तर? तर कायदेशीर व्हिसावर गेलेला माणूस काही दिवसांत बेकायदा ठरतो, घरी नऊ लाखांचं कर्ज ठेवून. जून २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांनीच सांगितलं की दक्षिण इटलीतल्या कंपानिया भागातून मजुरांसाठी आलेले अर्ज तिथल्या मालकांच्या संख्येशी कुठेच जुळत नाहीत आणि व्हिसावर आलेल्यांपैकी फार थोड्यांनी करार केला. माफियाविरोधी सरकारी वकिलाकडे त्यांनी ते प्रकरण दिलं.

त्याच महिन्यात रोमच्या दक्षिणेला लातिना भागात पंजाबातला एक मजूर शेतात यंत्रात सापडला. हात तुटला. दवाखान्यात न्यायचं सोडून त्याला घरासमोर आणून टाकलं, तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये. दोन दिवसांनी रोमच्या हॉस्पिटलात तो गेला. त्याच्याकडे कागद नव्हते. क्रेट हा शब्द वाचला आणि मी मोबाइल बाजूला ठेवला. आमच्या शेडमध्ये रचलेले असतात ते क्रेट.

तिकडेही मुकादम असतात. मजूर पुरवायचे, गाडीत घालून शेतावर न्यायचे, मजुरीतून कापून घ्यायचं. इटलीने २०१६ मध्ये त्याविरुद्ध कडक कायदा केला, त्यात शेतमालकालाही शिक्षा आहे. लातिनाच्या घटनेनंतर, २०२४ च्या ऑक्टोबरात, पिळवणुकीची तक्रार करणाऱ्या मजुराला वेगळा राहण्याचा परवाना द्यायची तरतूदही आली. पण परवाना ज्याच्या सहीवर त्याच्याविरुद्ध तक्रार करायला केवढी छाती लागेल याचा विचार करा.

उगाच दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवतोय असं वाटायला नको, म्हणून आपलंही सांगतो. माझ्याकडे फळछाटणीला पेठ-सुरगाण्याकडची टोळी येते. दिवाळीच्या मागे-पुढे पिकअपमधून जोड्या उतरतात, बरोबर नागलीचं पीठ, तांदूळ, अंथरुणं, एखादी कोंबडी आणि शाळा बुडवलेली लेकरं. पुरुष काड्या कापतात, बायका मागून पेस्ट लावत येतात. हायड्रोजन सायनामाइडची ती लाल पेस्ट, काडीवरच्या एकेका डोळ्याला पुसायची, सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून. हातमोजे मी आणून देतो, दुपारपर्यंत उकाड्याने ते निम्म्या जणींच्या कमरेला खोचलेले दिसतात. त्या दिवशी कोणी दारू प्यायलं तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, म्हणून मुकादमाला आधीच दम भरावा लागतो. छाटणी चार दिवस लांबली तर पुढची डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, काढणी सगळीच सरकते आणि भावाचं गणित कोलमडतं. म्हणून आम्ही बागायतदार काय करतो? पावसाळ्यातच मुकादमाच्या हातात उचल टेकवतो. आषाढात घरात दाणे नसतात तेव्हा ते पैसे उपयोगी पडतात हे खरं. ऑक्टोबरात दुसरीकडे दर जास्त असला तरी त्या जोडीला माझ्याच बागेत यावं लागतं, हेही तितकंच खरं. इटलीत व्हिसाचा कागद जे करतो ते आमच्याकडे उचल करते.

न्यूझीलंडचं मला कौतुक वाटतं, थोडं हातचं राखून. तिथे मार्लबरोत सॉव्हिन्यॉ ब्लांकच्या बागा आहेत, तीच जात जिची वाइन आपल्या गंगापूर धरणाच्या बाजूलाही होते. जून-जुलैच्या थंडीत तिथली छाटणी करायला व्हानुआतू, सामोआ, टोंगा अशा बेटांवरून माणसं येतात. २००७ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा होती ५,००० जणांची. २०२४-२५ च्या हंगामाला ती २०,७५० होती. बेटांवरच्या बहुतेक मजुरांना अकरा महिन्यांत सात महिने राहता येतं. सरकारने मालकाला आधी मान्यताप्राप्त व्हायला लावलं. स्थानिक माणूस शोधला होता हे दाखवायचं, विमानाचं अर्धं भाडं भरायचं, राहायची सोय बघायची, पाऊस पडून काम बंद राहिलं तरी आठवड्याला सरासरी तीस तासांची मजुरी द्यायची. झाडामागे दर ठरला असला तरी हिशेब किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. हे मी आमच्या पारावर वाचून दाखवलं तर एक जण म्हणाला, "पावसात बसून पगार? मग बाग त्यांच्याच नावावर करून टाका की."

पण तिथेही माणूस बांधलेलाच. परवानगीशिवाय दुसऱ्या बागेत जाता येत नाही, बायको-पोरांना आणता येत नाही, वर्षानुवर्षं येऊनही तिथला रहिवासी होता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्याच मानवी हक्क आयोगाने अहवालात लिहिलं की एकेका खोलीत माणसं कोंबलेली आहेत आणि मजुरीतून वाटेल तशी कपात होते. एवढी नियमावली असून असं झालं, कारण मजूर पटकन उठून शेजारच्या बागेत जाऊ शकत नव्हता. माझं मत यावरून पक्कं झालंय. श्रीमंत देशाने किती व्हिसा काढले यावरून मला काही कळत नाही. येण्याचा खर्च कोणाच्या डोक्यावर, आणि पटलं नाही तर मालक बदलता येतो का, एवढं सांगा, बाकीचं मी ओळखतो.

२०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे जर्मनीच्या सीमा बंद होत्या, पण अॅस्परॅगस ही त्यांची लाडकी, शतावरीसारखी भाजी जमिनीत थांबत नाही. सरकारने एप्रिल आणि मे मिळून ८०,००० हंगामी मजुरांना येऊ द्यायचं ठरवलं, रोमेनियातून खास विमानं आली. आपल्याकडे तेव्हा मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन कसारा घाट चढत होती. १ मे रोजी नाशिकरोडहून भोपाळसाठी श्रमिक गाडी सुटली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांच्यावाचून मशिन चालत नाहीत ती माणसं. २००८ च्या फेब्रुवारीत याच नाशकातून उत्तर भारतीय कामगार जीव मुठीत धरून पळाले होते, आणि पुढे कारखानदार त्यांनाच परत बोलावत होते. आपण श्रीमंत देश नाही, पण वागणं त्यांच्याच घरातलं.

पोरांना मी काय सांगितलं? एक, एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. परवानाधारक एजंटाला तुमच्याकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. नऊ लाखांतले बाकीचे कशाचे, ते लेखी मागा. दोन, मालकाचं नाव-पत्ता घ्या आणि तिकडच्या कोणाला तरी जाऊन बघायला सांगा. तीन, जमीन गहाण टाकून जाऊ नका. तिसरं ऐकून एकाचे वडील माझ्यावरच रागावले.

यंदा आमच्या टोळीतल्या तीन जोड्या आल्याच नाहीत. पलीकडच्या शिवारातल्या एकाने एकरी हजार रुपये जास्त देऊ केले, शिवाय माझी उचल मुकादमाकडून परत पाठवली. मुकादम तोंड पाडून सांगत होता, आता यांना सांभाळायचं कसं म्हणून. मी चार शिव्या हासडल्या, मग उरलेल्यांचाही दर वाढवला. छाटणी दहा दिवसांवर आली होती.