थंडीतला बोरघाट आणि दोन फियाट

मुंबईत जुनी गाडी बाळगणाऱ्यांचं वर्ष डिसेंबरात सुरू होतं. पावसाळ्यात पत्रा गंजायची धास्ती, एप्रिल-मेमध्ये इंजिन तापायची. या दोन्हींतून सुटका होते ती थंडीतच. म्हणून यंदा जानेवारीत माझी पद्मिनी आणि शेजारच्या काकांची डुक्कर फियाट काढली आणि जुन्या हायवेनं कामशेतपर्यंत जाऊन आलो. डुक्कर म्हणजे फियाट ११००चं पन्नासच्या दशकातलं गोलमटोल मॉडेल. तिची पुढची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मागच्या बाजूला.

गिरगावातून निघालो तेव्हा उजाडायचं होतं. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची. मुंबईच्या थंडीला अर्धा चोक पुरतो. सेल्फ मारला, इंजिननं धरलं, की चोक हळूहळू आत ढकलत न्यायचा. घाई केली तर गाडी आचके देते.

वाट थोडी वाकडी करून कुर्ल्याहून गेलो. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना इथं होता. फियाट ११००ला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं आणि नव्वदचं दशक सरेपर्यंत ती बनत राहिली. आज त्या जागी इमारती आहेत. ३० ऑक्टोबर २०२३ला काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा फोटो पुष्कळ निघाले, हळहळही खूप झाली. मला मात्र वाटतं, या गाडीचा खरा मान ती चालती ठेवण्यात आहे. चौकात रंगवून उभी केलेली पद्मिनी मला बघवत नाही.

पनवेल सुटलं आणि चौक गावापर्यंत धुकं लागलं. अशा हवेत १०८९ सीसीचं हे इंजिन किती सुरेल चालतं! दारावरची तिकोनी काच जरा तिरकी केली की गार वारा थेट मनगटावर येतो. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पन्नास-पंचावन्नचा वेग आणि आरशात काकांचे गोल दिवे.

खोपोलीत वडापाव खाल्ला, दोन्ही गाड्यांचं पाणी पाहिलं, फॅन बेल्ट दाबून बघितला. काकांनी एक ओला पंचा डब्यात भरून घेतला. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो. उन्हाळ्यात घाट चढताना तो इतका तापतो, की आतल्या पेट्रोलची वाफ होते. वाफ पंपाला ओढता येत नाही आणि गाडी भर चढावर बंद पडते. मेकॅनिक याला एअर लॉक म्हणतात. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं ठेवून थांबायचं.

"अरे, दुसऱ्यात टाक आणि तसाच राहू दे. तिसऱ्याचा मोह नको," काकांनी बजावलं.

शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून नारळ फोडला. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर तो हाच, असं इथं सांगतात. घाटाचा रस्ता १८३०मध्ये खुला झाला. तिथून वर एका वळणावर टेम्पो बंद पडलेला, मागे गाड्यांची रांग. मे महिन्यात अशा जागी माझ्या पोटात गोळा आला असता. काका पंचा घेऊन उतरले, बॉनेट उघडलं, पंपावर बोटं टेकवली आणि पंचा परत डब्यात ठेवला. गार वाऱ्यानं त्यांचं काम आधीच केलं होतं.

पुढं अमृतांजन पुलाची जागा लागली. २०२०च्या एप्रिलमध्ये तो पाडला, पण नजर अजून कमान शोधते. लोणावळ्यात थांबलोच नाही, सुट्टीच्या दिवशी तिथं थांबण्यात अर्थ नसतो. कार्ल्याच्या पुढं इंद्रायणी भाताची खाचरं कापून मोकळी पडली होती. रस्त्याकडेला हरभऱ्याचे टहाळे मिळाले, ते सोलून खात कामशेत गाठलं.

तिथं माझी पद्मिनी मिसिंग करू लागली, म्हणजे इंजिनचा ठोका मध्येच चुकू लागला. हायवेलगतच्या गॅरेजमधल्या पोरानं प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, आतले पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, फिलर गेजच्या पातळ पट्टीनं त्यांच्यातला गॅप लावला. वय बावीस-तेवीस असेल.

"हे कुठं शिकलास रे?"

"वडिलांकडं. पण आता हात चालवायला गाड्याच येत नाहीत, दादा."

पैसे घेताना त्यानं इंजिन पुन्हा एकदा चालू करायला लावलं आणि कान देऊन ऐकत उभा राहिला. हे काम हातात राहायचं तर गाड्या त्याच्या दारात जायला हव्यात, घराघरांत झाकून ठेवून कसं चालेल?

उतरताना चढीचाच गिअर ठेवला. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, नुसते दाबत राहिलं की तापून धरेनासे होतात. फेब्रुवारीत कसारा घाटानं नाशिकला जायचं ठरतंय. त्याआधी काकांना ब्रेकचे लायनर बदलायचेत आणि ते काम त्या कामशेतच्या पोरालाच द्यायचं आम्ही पक्कं केलंय.